जिनिंगचा पीएलसी प्रोग्राम साईटवर न्यायच्या आधी लॅपटॉपवर कसा चालवून पाहायचा

वर्धा, यवतमाळ, अकोला पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंगच्या (कापसातली सरकी काढून रुईची गठाण बांधणं) पॅनल आणि पीएलसीचं (मशीन चालवणारा छोटा इंडस्ट्रियल कॉम्प्युटर) काम करणाऱ्या पोरांसाठी हे लिहून राहिलो आहे. दसरा-दिवाळीच्या आसपास कापूस यायला लागला की गेटवर गाड्या लागतात आणि मग प्रोग्राममधली चूक शोधायला मशीन कोणीच थांबवू देत नाही, आणि शेठचं त्यात काही चुकत नाही, कास्तकार गाडी घेऊन ताटकळलेला असतो, मजूर बसलेले असतात, वरून पावसाचं भेव वेगळंच. उन्हाळा-पावसाळ्यात फॅक्टरी बंद असते तेव्हा वेळ भरपूर असतो, पण तेव्हा कापूस नसतो, म्हणजे लाईन भरून चालवून पाहता येत नाही. वेळ असतो तेव्हा माल नाही, माल असतो तेव्हा वेळ नाही. व्हर्च्युअल कमिशनिंग, म्हणजे साईटवर न्यायच्या आधी प्रोग्राम कॉम्प्युटरमधल्या फॅक्टरीवर चालवून तपासणं, आपल्या भागात कामाचं आहे ते याच्यासाठी.

यात प्रोग्राम खराच वापरायचा, जो उद्या साईटवर जाणार आहे तोच. फॅक्टरी मात्र कॉम्प्युटरमधली. प्रोग्रामनं मोटर चालू कर म्हटलं की कॉम्प्युटरमधली मोटर चालू होते आणि फीडबॅक (चालू झाल्याची खूण) देते, सिलेंडर पुढं गेला की लिमिट स्विच (टोकाला पोचल्याचं सांगणारा स्विच) लागतो, आणि प्रोग्रामला कळतही नाही की समोर खरी फॅक्टरी आहे की मॉडेल. हे दोन प्रकारे करता येतं, एक म्हणजे पीएलसीसुद्धा सॉफ्टवेअरमधलाच, सगळं एकाच लॅपटॉपवर. दुसरं म्हणजे खरा पीएलसी टेबलावर ठेवायचा, त्याला केबल लावायची आणि मॉडेल तेवढं लॅपटॉपवर चालवायचं. सुरुवात पहिल्यापासून करा, पैसे लागत नाहीत आणि बहुतेक चुका तिथंच पकडता येतील असं मॉडेल बांधणं आपल्या हातात आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण बहुतेक लोक इथंच चुकीच्या वाटेनं जातात. व्हर्च्युअल कमिशनिंग म्हटलं की डोळ्यासमोर थ्रीडी चित्र येतं, रोबोट फिरून राहिला, डबे पळून राहिले. ते चित्र शेठला दाखवायला चांगलं आहे पण तपासणीचं काम चित्र करत नाही. तपासणी होते ती मॉडेल बिघडवता येतं म्हणून. आपली साईट जशी बिघडते, म्हणजे लाईट जाते, सेन्सरवर रुई बसते, स्क्रू जाम होतो, ऑपरेटर घाईत बटन दोनदा दाबतो, तसं जर तुमचं मॉडेल बिघडू शकत नसेल तर त्याच्यावर प्रोग्राम पास झाला याला काही अर्थ नाही. साधे आकडे आणि टिकमार्कचे डबे असलेलं मॉडेल चालेल, पण त्यात बिघाड घालायची सोय पाहिजेच पाहिजे.

आधी वही, मग लॅपटॉप

फॅक्टरी बंद असताना तिथल्या फिटरला सोबत घ्या आणि पूर्ण लाईन पायी फिरा, कापसाच्या ढिगापासून गठाणीपर्यंत. सक्शन, सेपरेटर, प्री-क्लीनर, जिन मशीनच्या वरचा डिस्ट्रिब्युशन कन्व्हेयर, ऑटो फीडर, डबल रोलर जिन, खाली सरकीचा स्क्रू आणि एलेव्हेटर, तिकडे रुईची लाईन, लिंट क्लीनर, कंडेन्सर, मग प्रेस. प्रत्येक सेन्सर आणि प्रत्येक मोटरसाठी वहीत लिहा, नाव काय, पीएलसीचा पत्ता कोणता, कॉन्टॅक्ट एनओ (एरवी उघडा) की एनसी (एरवी जोडलेला), वायर तुटली तर प्रोग्रामला काय दिसेल, आणि लाईट गेल्यावर ती गोष्ट कुठल्या स्थितीत जाते. हा शेवटचा प्रश्न ड्रॉईंगमध्ये लिहिलेला नसतो, तो फिटरलाच माहीत असतो.

दुसरं, वेळा मोजा. मॉडेलचा जीव वेळेत आहे. मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि नंतर घरी बसून पाहा, कॉन्टॅक्टर (मोटरला सप्लाय देणारा मोठा स्विच) पडल्यावर पंखा पूर्ण थांबायला किती वेळ घेते, प्रेसचा रॅम (रुई दाबणारा दांडा) खालून वर जायला किती सेकंद, डॅम्पर (हवेची झडप) उघडायला किती. मोठ्या पंख्याचा थांबायचा वेळ लोक हमखास विसरतात, मॉडेलमध्ये पंखा एका झटक्यात थांबतो आणि साईटवर तो बराच वेळ फिरत राहतो, मग दोघांचं जमत नाही. रिकाम्या मशीनच्या वेळा आणि भरल्या मशीनच्या वेळा वेगळ्या असतात हेही ध्यानात ठेवा, सीझनमध्ये कधी गेलात तर तेव्हाही चार व्हिडिओ काढून ठेवा, पुढच्या वर्षी कामी येतात.

पूर्ण फॅक्टरीचं मॉडेल एकदम करायला घेऊ नका. सरकीची लाईन आणि प्रेस, हे दोनच घ्या. सगळ्यात जास्त इंटरलॉक (एक गोष्ट नीट असल्याशिवाय दुसरी चालू होऊ न देणाऱ्या अटी) तिथंच असतात आणि माणसाला इजा होण्याची एक मोठी जागाही प्रेस.

सॉफ्टवेअर कोणतं

तुमचा पीएलसी ज्या कंपनीचा, तिचा सिम्युलेटर आधी पाहा. डेल्टाच्या आयएसपीसॉफ्टमध्ये डीव्हीपी पीएलसीसाठी सिम्युलेटर येतो, मित्सुबिशीच्या जीएक्स वर्क्समध्ये असतो, सीमेन्सचं पीएलसीसिम आहे. शिकायचं असेल किंवा नवीन काम असेल तर कोडेसिस घ्या, डेव्हलपमेंट सिस्टम फुकट मिळते, सिम्युलेशन मोड आतच आहे, स्क्रीन बनवायची सोयही आतच. तिचा सॉफ्ट पीएलसी लायसन नसताना दोन तास चालतो आणि बंद पडतो, पुन्हा सुरू करायचा, तपासणीला तेवढं पुरतं. लॅडर असो की स्ट्रक्चर्ड टेक्स्ट, भाषा आयईसी ६११३१-३ या स्टँडर्डमधल्याच आहेत, ते १९९३ पासून आहे, त्यामुळं एकदा मॉडेल लिहायची पद्धत बसली की कंपनी बदलली तरी डोकं तेच चालतं.

फॅक्टरी आयओ नावाचं एक थ्रीडी सॉफ्टवेअर आहे, कन्व्हेयर, खोके, सेन्सर तयार मिळतात आणि मॉडबस टीसीपीवरून (नेटवर्क केबलवर माहिती द्यायची-घ्यायची एक पद्धत) बऱ्याच पीएलसींना जोडता येतं. आयटीआय, पॉलिटेक्निकच्या पोरांना शिकायला एकदम मस्त. पण कापूस हा खोका नाही. सुटा, हलका, हवेनं वाहणारा माल त्यात दाखवता येत नाही, म्हणून गठाण प्रेसमधून बाहेर आल्यावर वजनकाट्याकडे जायची लाईन त्यात छान होते, त्याच्या आधीची नाही. मोठ्या कंपन्यांकडे सीमेन्सचं सिमिट, रॉकवेलचं इम्युलेट थ्रीडी अशी महाग सॉफ्टवेअर असतात, जिनिंगसाठी त्यांची गरज मला तरी वाटत नाही.

मॉडेल कसं बांधायचं

प्रोग्रामच्या सुरुवातीला एक मॅपिंगचा भाग ठेवा. खरे इनपुट (सेन्सर-बटनांकडून येणारे सिग्नल) तिथं वाचायचे आणि आतल्या बिटमध्ये (प्रोग्राममधल्या हो-नाहीच्या जागा) टाकायचे, आणि पुढचं सगळं लॉजिक फक्त त्या आतल्या बिटवर चालवायचं. आउटपुटचंही (मोटर-व्हॉल्वला जाणारे हुकूम) तसंच, शेवटी एका जागी. असं केलं की तपासणीच्या वेळी खऱ्या इनपुटच्या ऐवजी मॉडेलचे इनपुट जोडता येतात आणि लॉजिकला हात लावावा लागत नाही. ज्याच्या लॉजिकमध्ये जागोजागी थेट इनपुटचे पत्ते घुसवलेले आहेत त्यानं आधी हे साफ करून घ्यावं, कंटाळवाणं आहे पण करा.

मॉडेल वेगळा प्रोग्राम म्हणून लिहा. आणि एक नियम कडक पाळा, मॉडेलला पीएलसीचे फक्त आउटपुट दिसले पाहिजेत आणि त्यानं फक्त इनपुट द्यायचे. प्रोग्रामच्या आतला स्टेप नंबर, ऑटोचा बिट, टायमर, हे मॉडेलनं बघायचं नाही, कारण खऱ्या मोटरला तुमचा स्टेप नंबर माहीत नसते. हा नियम मोडला की मॉडेल प्रोग्रामच्या सोयीनं वागायला लागतं आणि चुका झाकल्या जातात.

एका मोटरचा तुकडा असा लिहा. आउटपुट आला, सप्लाय आहे, ओव्हरलोड ट्रिप (जास्त लोडनं बंद पडणं) नाही, तर ठरलेल्या वेळानं फीडबॅक चालू. यातलं काहीही गेलं की फीडबॅक बंद. सोबत तीन टिकमार्क, कॉन्टॅक्टर लागतच नाही, कॉन्टॅक्टर चिकटला, ओव्हरलोड उडाला. हा एक फंक्शन ब्लॉक (एकदा लिहून पुन्हा पुन्हा वापरायचा तुकडा) बनवून ठेवा आणि प्रत्येक मोटरसाठी तोच लावा. सरकीच्या हॉपरसाठी शून्य ते शंभर असा एक आकडा धरा, जेवढ्या जिन मशीन चालू त्या हिशोबानं तो वाढतो आणि स्क्रू चालू असेल तर कमी होतो, नव्वदच्या वर गेला की वरचा लेव्हल सेन्सर लागतो. प्रेसच्या रॅमचंही तसंच, शून्य ते शंभर जागा, व्हॉल्व चालू असताना दर स्कॅनला (प्रोग्रामच्या एका फेरीला) थोडी पुढं. गठाणीचं वजन धरताना १७० किलो धरा, आपल्याकडची गठाण तेवढीच. मॉडेलचा टास्क ठराविक वेळेचा ठेवा, १० किंवा २० मिलिसेकंद, म्हणजे हिशोब सरकत नाही.

आता एक गोष्ट जवळून दाखवतो, यानं मॉडेलची किंमत कळेल. सरकीच्या स्क्रूच्या शेवटच्या टोकाला, मोटरच्या उलट बाजूला, शाफ्टवर एक बोल्ट असतो आणि त्याच्यासमोर प्रॉक्सी (लोखंड समोर आलं की चालू होणारा सेन्सर). शाफ्ट फिरला की दर फेऱ्याला एक पल्स. हे कशासाठी, तर बेल्ट घसरला किंवा स्क्रू आत तुटला तर मोटर फिरतच राहते, कॉन्टॅक्टरचा फीडबॅकही येत राहतो, पण सरकी पुढं सरकत नाही आणि जिन मशीनच्या खाली साचायला लागते. म्हणून पल्स थांबला की वरच्या जिन बंद व्हायला पाहिजेत. समजा शाफ्ट मिनिटाला ३० फेरे मारते, म्हणजे दर २ सेकंदाला एक पल्स. कोणी टायमर दीड सेकंदाचा लावला तर चांगली चालती लाईन विनाकारण ट्रिप होत राहणार. ५ सेकंद ठेवा, म्हणजे दोन पल्स चुकले की ट्रिप. सुरू होताना स्पीड येईपर्यंत ही तपासणी बाजूला ठेवावी लागते, नाहीतर लाईन कधी सुरूच होत नाही.

इथपर्यंत सगळे करतात. खरी मेख पुढं आहे. बरेच प्रोग्राम असे लिहिलेले असतात की इनपुट ५ सेकंद बंद राहिला तर ट्रिप. आता शाफ्ट नेमका बोल्ट प्रॉक्सीसमोर असताना थांबला तर? इनपुट चालूच राहतो. प्रोग्रामला वाटते सगळं बरोबर, आणि सरकी साचत जाते. म्हणून मॉडेलमध्ये जामचे दोन टिकमार्क ठेवा, बोल्ट समोर असताना जाम आणि बोल्ट समोर नसताना जाम, आणि प्रोग्रामनं इनपुटची स्थिती नाही तर बदल पाहिला पाहिजे, चालूचा बंद किंवा बंदचा चालू असा बदल ५ सेकंदात झाला नाही की ट्रिप. साईटवर ही चूक एखाद्या सीझनभर दिसणारही नाही, कारण शाफ्ट नेमका तिथंच थांबायला पाहिजे. लॅपटॉपवर दोन क्लिकमध्ये दिसते.

लाईट जाण्याची तपासणी

हा भाग मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. गावाकडच्या फिडरवर लाईट जाते म्हणजे नेहमी पूर्ण जाते असं नाही, डोळा लवतो तेवढ्यासाठी खाली पडते आणि परत येते, कधी एकच फेज जातो. बऱ्याच पॅनलमध्ये पीएलसी यूपीएसवर असते, म्हणून पीएलसीला काहीच झालं नाही, पण कॉन्टॅक्टर सगळे पडले. पीएलसीचे आउटपुट चालूच आहेत. सप्लाय परत आला की सगळे कॉन्टॅक्टर एकदम ओढतात, सगळ्या मोटर एकाच वेळी सुरू, मेन ब्रेकर उडतो, हे तर झालंच, पण त्याहून वाईट म्हणजे लाईट गेली असं समजून कोणीतरी जिनच्या रोलरमधली रुई काढायला हात घातलेला असू शकते. ही कल्पनेतली भीती नाही, जिनिंगमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा.

मॉडेलमध्ये मेन सप्लाय नावाचा एक टिकमार्क ठेवा, तो काढला की सगळ्या मोटरचे फीडबॅक बंद, पीएलसी चालूच. मग अर्धा सेकंद काढून परत लावा, ५ सेकंद काढून लावा, दहा मिनिटं काढून लावा. प्रत्येक वेळी पाहिजे ते असं की आउटपुट असताना फीडबॅक गेला की प्रोग्रामनं स्वतः आउटपुट काढून टाकायचा, अलार्म द्यायचा, आणि ऑपरेटरनं रीसेट करून स्टार्ट दाबल्याशिवाय काहीही सुरू व्हायचं नाही. सुरू होतानाही क्रम मालाच्या उलट, आधी शेवटचा कन्व्हेयर, मग त्याच्या मागचा, जिन आणि फीडर सगळ्यात शेवटी. दुसरी तपासणी पीएलसीच बंद करून, म्हणजे सिम्युलेटर थांबवून परत चालू करा. गठाणींचा नंबर, शिफ्टचा हिशोब हे आकडे जपलेले पाहिजेत, पण ऑटो चालू होतं हा बिट जपलेला असता कामा नये. कोणता आकडा रिटेन (पीएलसी बंद झाला तरी जपलेला) आहे आणि कोणता नाही ही यादी वेगळी काढून एकेक तपासा. रॅम अर्ध्यात असताना लाईट गेली तर परत आल्यावर प्रेसनं काय करायचं, हे प्रोग्रामरनं एकट्यानं ठरवू नये, प्रेसवाल्याला विचारा.

बाकी बिघाड तुम्ही वहीतून काढालच, त्यातले काही पटकन सांगतो. फोटो सेन्सरवर रुई बसली म्हणजे तो कायम चालू. दोन्ही लिमिट स्विच एकदम चालू, जे खरं तर होऊच शकत नाही, तेव्हा प्रेस थांबली पाहिजे. सायकल अर्धी झालेली असताना ऑटोचं मॅन्युअल केलं आणि परत ऑटो. स्टार्ट आणि स्टॉप एकत्र दाबले. प्रेसचा दरवाजा रॅम हलत असताना उघडला. प्रत्येक तपासणीच्या समोर काय व्हायला पाहिजे हे आधी लिहा, मग चालवा. आधी चालवून मग जे झालं ते बरोबर म्हणणं याला तपासणी म्हणत नाहीत.

ऑपरेटरला लॅपटॉपसमोर बसवा

पोळ्याच्या आसपास, सीझनची माणसं परत कामावर यायला लागली की प्रेसवाला आणि फिटर यांना बोलावून एचएमआयची (ऑपरेटर ज्यावरून मशीन चालवतो ती) स्क्रीन मॉडेलला जोडून त्यांच्या हातात द्या. काही शिकवू नका, फक्त म्हणा की चालव. ते काय दाबतात ते पाहा. त्यांना न सांगता मागून एक बिघाड टाका. अलार्मवर "एम शून्य सात फीडबॅक फेल" असं आलं आणि तो माणूस तुमच्या तोंडाकडे पाहायला लागला, तर चूक अलार्मची आहे. "सरकी स्क्रू जाम, मशीन ४ जवळ पाहा" असं मराठीत लिहा. फिटर म्हणेल, "भाऊ, मोटर फिरून राहिली पण स्क्रू नाही फिरून राहिला, हे कुठं दिसन?" असे प्रश्न कोणत्याही ड्रॉईंगमध्ये नसतात आणि त्यानं स्क्रीन सुधारते. जिनिंगची मूळ समज पक्की करायची असेल तर नागपूरला सिरकॉटचं (कापसाच्या तंत्रज्ञानावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था) जिनिंग ट्रेनिंग सेंटर आहे, मी तर म्हणतो पीएलसीवाल्या पोरांनीही तिथं जाऊन मशीन समजून घ्यावी, मॉडेल चांगलं होते.

जे लॅपटॉपवर तपासताच येत नाही

वायरिंग उलटी आहे का, अर्थिंग बरोबर आहे का, मोटर उलटी फिरते का, हायड्रॉलिकचं तेल गरम झाल्यावर रॅम हळू होते का, उंदरानं केबल कुरतडली का, हे मॉडेलला कळत नाही. ठिणगी पकडणाऱ्या सिस्टमचंही तसंच, सिग्नल आल्यावर पंखा बंद होणं, डायव्हर्टर (माल बाजूला वळवणारी झडप) वळणं हा क्रम लॅपटॉपवर तपासा, पण सेन्सर खरंच ठिणगी पाहतो का हे साईटवरच, आणि दरवर्षी.

इमर्जन्सी स्टॉपबद्दल तर बिलकुल तडजोड नाही. त्यानं हार्डवायर सेफ्टी रिलेमधून किंवा सेफ्टी पीएलसीमधून कॉन्टॅक्टरचा सप्लायच तोडला पाहिजे, साध्या पीएलसीच्या लॉजिकवर सोडायचा नाही. मॉडेलमध्ये इमर्जन्सी दाबून तुम्ही एवढंच तपासता की प्रोग्राम त्यानंतर नीट शांत बसतो की नाही, आणि बटन ओढून मोकळं केल्यावर मशीन आपोआप सुरू होत नाही ना. खरं बटन खऱ्या मशीनवर, प्रत्येक जागेचं, दाबून पाहिल्याशिवाय फॅक्टरी ताब्यात देऊ नका.

साईटवर गेल्यावर क्रम असा ठेवा. आधी मोटरचे ब्रेकर खाली ठेवून एकेक इनपुट हातानं लावून पाहायचा, पीएलसीवर तोच दिवा लागतो का. मग एकेक आउटपुट. मग एकेक मोटरची दिशा. मग रिकामी लाईन ऑटोमध्ये, आणि कापूस आला की दोन-तीन जिन मशीनवर सुरुवात. मॉडेलच्या वेळा आणि खऱ्या वेळा जिथं जमल्या नाहीत तिथं मॉडेलमध्ये खरा आकडा टाका, त्याच दिवशी, नंतर राहून जाते.

निघायच्या आधी मॉडेलचा भाग प्रोग्राममधून पूर्ण काढलेला आहे आणि एकही इनपुट-आउटपुट फोर्स केलेला (लॅपटॉपवरून जबरदस्तीनं चालू-बंद धरलेला) राहिला नाही हे दोनदा पाहा. सिम्युलेशनचा बिट चुकून चालू राहिला तर पीएलसी खऱ्या सेन्सरकडे न बघता खोट्या आकड्यांवर मशीन चालवेल, म्हणून तो बिट स्क्रीनवर ठेवूच नका, साईटच्या प्रोग्राममध्ये तो असलाच नाही पाहिजे. पीएलसीमधला प्रोग्राम आणि लॅपटॉपवरचा प्रोग्राम कंपेअर करून एक कॉपी शेठकडे पेनड्राईव्हवर द्या, मॉडेल आणि तपासणीची वही सोबत. सीझनमध्ये रात्री फोन येतो की लाईन थांबून राहिली, तेव्हा ऑपरेटर जे सांगतो ते आधी घरी मॉडेलवर टाकून पाहायचं, तिथं तीच लाईन तशीच थांबली की बदल करायचा, सगळे बिघाड पुन्हा चालवून पाहायचे आणि मगच तो बदल फॅक्टरीत पाठवायचा.